हाताचा कल

शैलाताईंच्या पायाला दिवसातून वीसेक वेळा तरी कागद लागायचा. बाइंडिंगच्या धंद्यात दुसरं होणार काय? जमिनीवर बसायचं, डाव्या हाताला फर्म्यांची, म्हणजे छापील घड्यांची, चळत, उजव्या हाताला पुठ्ठे, समोर खळीचं भांडं, आणि उठताबसता पाय कुठं ठेवायचा हा रोजचा प्रश्न. पाय लागला की त्या वाकायच्या, कागद उचलायच्या, कपाळाला लावायच्या, मग एका डोळ्याला, मग दुसऱ्या डोळ्याला, आणि परत जागच्या जागी ठेवायच्या. शाळेचं पुस्तक असो, ग्रंथालयाचं फाटकं बाड असो, नाहीतर जन्ममृत्यूचं रजिस्टर असो. एकदा कोंबडीखाद्याच्या जाहिरातीला त्यांनी असाच नमस्कार केला तेव्हा मी मोठ्यानं हसलो होतो.

"कागद आहे का नाही?" त्या म्हणाल्या. "मग झालं."

मोबाइल हाही त्यांच्या लेखी कागदच. वाचायची वस्तू. त्याला पाय लागला तर त्यालाही नमस्कार.

मी अनंत म्हेत्रे. सांगलीच्या गावभागात शैलाताईंच्या समोरच माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तीस वर्षं झाली. त्यांच्या मोबाइलवर 'कल' मीच चालू करून दिला होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला मला शिव्या घालायच्या असतील तर वेळेवर घालता येतील.

त्याला तसं कारण होतं. चाळीस वर्षं पॉलिशकागद आणि खळ यांच्यात राहून शैलाताईंच्या बोटांचे ठसे पार पुसले गेले होते. यंत्रावर बोट ठेवलं की यंत्र म्हणायचं, बोट ठेवा. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय खोट्या चेहऱ्यांचा सुळसुळाट झाल्यावर कायद्यानंच बंद केली. बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं. रेशन असो की वीजजोडणी, दर वेळी त्या रस्ता ओलांडून माझ्याकडे यायच्या आणि म्हणायच्या, "म्हेत्रे, मी जिवंत आहे म्हणून सांगा ओ यांना." शेवटी वैतागून मी कल चालू केला. त्या खूश झाल्या, मीही सुटलो.

आता हा कल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक मोबाइलच्या पोटात सिलिकॉनचा एक तुकडा असतो, तिळाएवढा. त्यात केसाहून बारीक दातांच्या दोन फण्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. एक पक्की बसवलेली, दुसरी हलती. मोबाइल तिरपा केला की हलती फणी किंचित सरकते, दातांमधलं अंतर बदलतं, त्यासरशी तिथं साठणारी वीज बदलते, आणि तेवढ्यावरून मोबाइलला कळतं की जमीन कुठल्या बाजूला आहे. शेजारचा दुसरा तुकडा गिरकी मोजतो, तिसरा उत्तर दिशा शोधतो. माझ्या तरुणपणी या सगळ्याचा उपयोग एवढाच, की मोबाइल पालथा टाकला की त्याचा आवाज बंद, कानाकडे नेला की फोन चालू, आडवा धरला की चित्र आडवं. हे नियम आपण घालून द्यायचे आणि त्यानं पाळायचे.

पुढं तो स्वतःच नियम करायला लागला. तुम्ही मोबाइल कसा उचलता आणि उचलल्यावर काय करता, हे महिनोन् महिने बघून तो ते तुमच्या आधीच करून ठेवू लागला. आणि मग कल आला. नाव ज्यानं ठेवलं तो माणूस बेरकी असणार. वस्तू झुकते तोही कल आणि मन झुकतं तोही कल. लाखो माणसांच्या हातांच्या नोंदी तपासून कंपनीला असं आढळलं की मनापासून 'हो' म्हणणारा माणूस मोबाइल डोळ्यांजवळ आणतो, क्षणभर अगदी स्थिर धरतो, आणि मान हलवताना त्याच्याबरोबर मोबाइलही हलकासा खाली झुकवतो. हाच 'होकार'. शिवाय प्रत्येक हाताला आपली अशी एक सूक्ष्म थरथर असते, डोळ्यांना न दिसणारी, आणि तिची नक्कल करता येत नाही. म्हणजे हात कुणाचा हेही कळलं आणि हाताचं म्हणणं काय तेही कळलं. कायद्यानं ही सही म्हणून मान्य केली. आंधळ्यांना, निरक्षरांना, ठसे झिजलेल्या गवंड्यांना केवढी सोय झाली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

त्या बुधवारी सकाळी अकरा वाजता शैलाताई उठल्या आणि त्यांचा पाय मोबाइलला लागला. त्यांनी तो उचलला, कपाळाला लावला, एका डोळ्याला लावला, दुसऱ्या डोळ्याला लावला. मी माझ्या काउंटरवरून बघत होतो. मोबाइलनं ठुंग केलं.

"म्हेत्रे," त्यांनी तिथूनच हाक मारली, "हे काय धन्यवाद म्हणायलंय?"

माझ्या हातात सोल्डरिंगची तापलेली सळई होती. "जाहिरात असंल," मी म्हणालो. "सोडा."

दुपारी दोनला त्यांच्या दारात उदय उभा राहिला.

उदय म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. या दारात तो आठ वर्षांनी आला होता. वडील गेले, आणि वर्षश्राद्धाच्या पानावर बसल्याबसल्या त्यानं जागेचा विषय काढला. पुढचा बाइंडिंगखाना, मागची शैलाताईंची खोली, वरचा मजला, हे सगळं पाडून तिथं इमारत बांधायची. शैलाताईंनी फक्त हक्कसोडपत्र करून द्यायचं. त्या नाही म्हणाल्या. लग्न केलं नाही, दुसरीकडे कुठं गेल्या नाहीत, बापाच्या हाताखाली दाभण धरायला शिकल्या आणि त्याच जागेवर बसून त्यांनी जन्म काढला. त्या जागेतून त्यांना उठवणं म्हणजे झाड उपटण्यासारखं होतं. उदय पानावरून उठला. तेव्हापासून भाऊबीज नाही, राखी नाही, रस्त्यात दिसले तर दोघं दोन बाजूंना बघायचे. हक्कसोडीचा मसुदा मात्र त्यानं चार वर्षांपूर्वी रीतसर पाठवून दिला होता. शैलाताईंनी तो फेटाळलाही नाही आणि मानलाही नाही. "पडू दे," एवढंच म्हणाल्या. दर महिन्याला त्याची आठवण मोबाइलवर यायची आणि पडून राहायची. त्या बुधवारी अकरा वाजता तीच आठवण पडद्यावर होती.

उदय उंबऱ्यातच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. मी रस्ता ओलांडून गेलो. म्हटलं कुणी गेलं की काय.

"आक्का," तो म्हणाला, "तू नुसती सही केली असतीस तरी मी गप गुमान पाय धरले असते गं. पण तू..."

त्यानं आपला मोबाइल पुढं केला. कलच्या प्रमाणपत्रावर सहीच्या जागी हालचालीचं चित्र असतं. हात कुठून कुठं गेला त्याची एक निळी रेघ, आणि ती हलते. रेघ खालून वर आली, वरती थांबली, डावीकडे गेली, थांबली, उजवीकडे गेली, थांबली, खाली उतरली. कंपनीच्या यंत्राला यात फक्त 'हो' दिसलं होतं. उदयला त्यातला नमस्कार ओळखू आला, कारण तोही त्याच बापाच्या घरात वाढला होता.

"कपाळाला लावलंस," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांना लावलंस. मी नालायक माणूस, आठ वर्षं तुझं तोंड बघितलं नाही, आणि माझा कागद तू डोळ्यांना लावलास."

शैलाताईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीच कळलं नव्हतं, आणि मला सगळं कळलं होतं. उदयनं त्यांच्या पावलांवर डोकं ठेवलं. त्यांचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर गेला आणि तिथंच राहिला.

तो गेल्यावर मी त्यांना समजावून सांगितलं.

"पण मी तर पाय लागला म्हणून..."

"मला माहीत आहे ताई."

"मग तसं कळवा की त्यांना."

कळवायला बहात्तर तासांची मुदत होती, शनिवारी सकाळी अकरापर्यंत. मी माझ्या दुकानात बसून हरकतीचा अर्ज उघडला. होकार का रद्द करायचा याची तीन कारणं दिली होती, त्यातलं एक निवडायचं: फसवणूक झाली, दबाव आणला, शुद्धीवर नव्हते. पाय लागला होता हे कारण नव्हतं. बनवणारे कुठले कोण जाणे, त्यांच्या पायाला कधी कागद लागत नसावा. पहिली दोन कारणं निवडली तर उदयवर आपोआप गुन्हा दाखल होणार होता. तिसऱ्याला डॉक्टरचा दाखला हवा होता आणि पुढं शैलाताईंची एकही सही कधी ग्राह्य धरली गेली नसती.

मदतकेंद्राला फोन लावला. यंत्र बोललं. मी माणूस मागितला, तर दुसरं यंत्र बोललं, आवाज जरा जास्त गोड. त्यानं सांगितलं की तुमच्या ग्राहकांचा होकार अतिशय उत्तम प्रतीचा आहे; हात स्थिर, मन शांत, खात्री शंभरात सत्त्याण्णव. माझं डोकं फिरलं. सुईत एका झटक्यात दोरा ओवणाऱ्या बाईचा हात स्थिर असणार नाहीतर काय? तासभर हुज्जत घातल्यावर एक चौथी वाट निघाली. कारण न देताही होकार मागं घेता येतो. मात्र मग नुसता नकार नोंदवावा लागतो. मोबाइल छातीपासून दूर धरायचा, पालथा करायचा, आणि पाच मोजेपर्यंत स्थिर ठेवायचा. तोही त्यांनी स्वतः, आणि कलवरच, कारण त्यांना ओळखणारं दुसरं काही उरलंच नव्हतं.

"मग आत्ताच करा," मी म्हणालो.

त्यांनी मोबाइल हातात घेतला आणि पदराखाली ठेवला. "उद्या बघू," म्हणाल्या. "आत्ताच गेलाय तो."

गुरुवारी उदयची बायको नीलिमा आली, बरोबर शिरा आणि ठेवणीतली साडी. शुक्रवारी त्यांनी शैलाताईंना विश्रामबागेतल्या त्यांच्या घरी जेवायला बोलावलं आणि शेजारी म्हणून मलाही ओढून नेलं. पानात पुरणपोळी, कटाची आमटी. उदयनं बहिणीसाठी स्वतः पाट मांडला. इमारतीचा नकाशा जेवताना भिंतीवर लावला होता.

"चौथ्या मजल्यावर तुझा ब्लॉक, आक्का. पूर्वेला गॅलरी. आता बस झालं ते खळीत हात घालणं."

"आणि प्रेस?" शैलाताईंनी विचारलं. बापाचा बिडाचा दाबप्रेस, चार माणसांना न उचलवणारा.

"त्याला कुठं चौथ्या मजल्यावर नेतीस? कुणाला तरी देऊन टाकू. उद्या अकराला हक्कसोड पक्की झाली की ताबा आपोआप बिल्डरकडे जातोय, सोमवारी पाडायला मशीन येणार. तू आजच इथं राहायला ये की. ही खोली रिकामीच आहे."

शैलाताईंनी घास हातात धरला होता. "उदय," त्या म्हणाल्या, "एक सांगायचं होतं रे."

"बोल की."

तो इतक्या आनंदानं बघत होता की मलाच वर बघवेना. नीलिमा तुपाचं भांडं घेऊन थांबली होती. आठ वर्षं त्या घरात शैलाताईंचं नाव निघालं नव्हतं, आणि आता तिघं त्यांच्या एका शब्दासाठी थांबली होती.

"पुरणात वेलदोडा चांगला उतरलाय," शैलाताई म्हणाल्या.

परत येताना रिक्षात त्या रागावल्या, पण माझ्यावर. "तुम्हाला काय ओ, बसलाय बघत. तुम्ही तरी सांगायचं होतं."

"मी सांगितलं असतं तर तुम्ही मला रिक्षातनं ढकललं असतं."

"ढकललंच असतं," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसले.

शनिवारी सकाळी नऊला मी दुकान उघडलं तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या. अंघोळ झालेली, केस नीट विंचरलेले. म्हणाल्या, "माझं ठरलंय. जागा सोडत नाही मी. पण आधी त्याला सांगणार. चोरून नाही करणार."

दहा वाजून वीस मिनिटांनी त्यांनी उदयला फोन लावला. मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा ठेवला.

"उदय, मी सही केली नव्हती रे. मोबाइलला पाय लागला होता. म्हणून उचलून डोळ्यांना लावला. तुझा कागद त्यात होता हे मला माहीतसुद्धा नव्हतं."

मग तो म्हणाला, "म्हणजे माझ्यासाठी नव्हतं ते."

"जागा मला पाहिजे रे. बाकी सगळं तुझ्यासाठीच..."

"रद्द कर," तो म्हणाला. "तुझा हक्क आहे. कर रद्द." आणि फोन बंद केला.

शैलाताई बाइंडिंगखान्यात आपल्या जागेवर जाऊन बसल्या. मोबाइल छातीपासून दूर धरला, पालथा केला. मी मोजायला लागलो. तिसऱ्या आकड्याला मोबाइल बोलला, अगदी मायेनं.

"तुमचा हात थरथरतो आहे. आपण अस्वस्थ दिसता. अशा वेळी घेतलेल्या निर्णयाचा पुढे पश्चात्ताप होतो. कृपया शांत व्हा."

हा भाग मला ठाऊक होता, पण माझ्या लक्षात राहिला नव्हता. म्हाताऱ्या माणसांना धाक दाखवून सह्या घेतल्याची प्रकरणं झाली, तेव्हा कलमध्ये एक खबरदारी घातली गेली. हात एका मर्यादेपलीकडे कापत असेल तर मोबाइल आपोआप विरामात जातो आणि कुठलाही निर्णय नोंदवत नाही. चांगल्या मनानं केलेली गोष्ट. हिनं कितीक म्हातारे वाचले असतील.

"पाणी प्या," मी म्हणालो. त्या प्याल्या, निम्मं साडीवर सांडलं. परत धरला. परत विराम. तिसऱ्यांदा विराम. जितकं जपून धरायला जात तितका हात जास्त हलत होता. चाळीस वर्षं त्या हातानं कधी टाका चुकवला नव्हता.

"डोळे मिटा ताई. दुसरं काहीतरी मनात आणा."

"दुसरं काय आणू?" त्या ओरडल्या. "तो परत बोलणार नाही माझ्याशी!"

दहा पन्नास झाले. मला राहवेना, मी पुढं झालो आणि त्यांचं मनगट खालून धरलं, हात टेकवायला काहीतरी मिळावं म्हणून.

"दुसऱ्या व्यक्तीचा हात आढळला," मोबाइल म्हणाला. "आपल्यावर दबाव असण्याची शक्यता आहे. आपल्या सुरक्षिततेसाठी पंधरा मिनिटं सर्व निर्णय थांबवत आहोत."

मी हात काढून घेतला. उशीर झाला होता. मी मोबाइल बंद करून चालू केला, मदतकेंद्राला फोन लावला, त्या गोड आवाजाला आईवरून शिव्या दिल्या; त्यानं मला शांत व्हायला सांगितलं. शैलाताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. अकरा वाजले तेव्हा मोबाइलनं ठुंग केलं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी उदयचा फोन आला. शैलाताईंनी उचलला. आवाज अजून मोठाच होता.

"आक्का." तो धापा टाकत होता, बहुतेक रस्त्यात उभा होता. "माझ्याकडं आत्ता पक्की झाल्याचा कागद आला. तू रद्द केलं नाहीस?"

"झालं नाही रे," त्या म्हणाल्या.

"झालं नाही म्हणजे?"

"हात... हातानं होईना."

पलीकडून हुंदका आला. "मला माहीत होतं. तोंडानं तू काही पण बोल आक्का, तुझ्या हातानं माझं वाईट होणार नाही, मला माहीत होतं. मी येतोय. तिथंच थांब. मी सकाळी तोडून बोललो, मला मार तू."

मी हातवारे करत होतो, सांगा, सांगा म्हणून. शैलाताईंनी माझ्याकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग भिंतीकडे तोंड केलं.

"ये," त्या मोबाइलमध्ये म्हणाल्या. "सावकाश ये. गाडी जोरात चालवू नको."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला बजावलं की यातलं एक अक्षर उदयला कधी कळता कामा नये. मी शब्द दिला. मग त्या दाबप्रेसमध्ये दाबायला ठेवलेली ग्रंथालयाची पुस्तकं एकेक करून काढायला लागल्या. सोमवारच्या आत ती परत द्यायची होती. हात आता अजिबात कापत नव्हता.